मुशीची तिकिटे आणि मुशीची पाकिटे : संग्रह कसा उभा करावा

रत्नागिरी आणि मालवणकडची मासळी घाट चढून पहाटे कोल्हापूरच्या बाजारात येते, तेव्हा तिच्यात मुशीही असते. लहान असेल तर तिला बहुतेक जण मोरी म्हणतात. ज्या प्राण्याला आपण शार्क म्हणतो तो याच कुळातला मासा आहे, हे सांगितले की घेणारा माणूस पाटीकडे पुन्हा एकदा पाहतो. या माशाची पोस्टाची तिकिटे आणि पाकिटे जमवण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. रत्नागिरीचा समुद्र रस्त्याने सव्वाशे किलोमीटरहून दूर असलेल्या आपल्या गावात राहून असा संग्रह कसा करावा, असे विचारणाऱ्या आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या मंडळींसाठी हे लिहीत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. शार्कचे चित्र असलेली तिकिटे इतक्या देशांनी आणि इतक्या वेळा काढली आहेत, की दिसेल ते विकत घेणाऱ्याचे दोन-तीन आल्बम वर्षभरात भरतात आणि तरीही पाहुण्यापुढे आल्बम उघडला की ‘हेही शार्कचेच’ यापलीकडे सांगायला काही उरत नाही. म्हणून हाती आलेल्या प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावेत : हा मासा नेमका कोणता, आणि हा कागद टपालातून का गेला? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारे एक साधे पाकीट माझ्या मते दहा कोऱ्या शीटलेटांपेक्षा, म्हणजे मोजक्या तिकिटांच्या छोट्या छापील पानांपेक्षा, मोलाचे असते.

तिकिटावरचा मासा ओळखणे

शार्कच्या पाचशेहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि तिकिटांचे चित्रकार नेहमीच प्राणिशास्त्रज्ञ नसतात. त्यामुळे तिकिटावरील नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दहा पटींचे एक चांगले भिंग घ्यावे आणि प्रथम कल्ल्यांच्या फटी शोधाव्यात. शार्कच्या डोक्यामागे, शरीराच्या दोन्ही बाजूंना, बहुधा पाच आणि काही जातींत सहा किंवा सात उघड्या फटी असतात. पाकट आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये त्या पोटाच्या बाजूला असतात. ही एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ घोटाळे टळतात. करवतीसारखी दातेरी सोंड असलेला करवत मासा अनेक तिकिटांवर दिसतो आणि विक्रेते तो सर्रास शार्क म्हणून विकतात, पण तो पाकटाच्या गोत्रातला आहे. त्याच्यासारखाच दिसणारा सॉशार्क मात्र खरा शार्क असून त्याच्या सोंडेच्या मध्यावर दोन्ही बाजूंना मिशांसारखे तंतू असतात. संग्रहात करवत मासा ठेवायला माझी हरकत नाही. त्याच्या पानावर तो कोण आहे हे खरे लिहिलेले असावे, एवढेच.

दुसरी खूण शेपटीची. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिन हा सस्तन प्राणी असल्यामुळे त्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. मुलांना हा फरक शिकवायचा असेल तर भारताचीच एक तिकीटजोडी हाताशी आहे. भारत आणि फिलिपाइन्स यांच्या राजनैतिक संबंधांना साठ वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १६ नोव्हेंबर २००९ रोजी दोन्ही देशांनी संयुक्त तिकिटे काढली. त्यांतल्या एकावर गंगेतला डॉल्फिन आहे आणि दुसऱ्यावर व्हेल शार्क, ज्याला फिलिपाइन्समध्ये बुतांडिंग म्हणतात. व्हेल शार्क हा नावात व्हेल असूनही मासाच आहे, किंबहुना आज जिवंत असलेल्या माशांमध्ये तो सर्वांत मोठा. आणि एवढा प्रचंड देह असूनही तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव आणि लहान मासे खातो.

नावांचा गोंधळ हा या छंदातला मला सर्वाधिक आवडणारा भाग आहे. ज्या शार्कला अमेरिकेत सँड टायगर म्हणतात, त्यालाच दक्षिण आफ्रिकेत रॅगेड टूथ आणि ऑस्ट्रेलियात ग्रे नर्स म्हणतात. शास्त्रीय नाव एकच, कार्कारियास टॉरस. तीन देशांच्या तीन तिकिटांवर तीन नावे वाचून नवशिका संग्राहक तीन जातींची तीन पाने करतो. ती एकाच पानावर आणली की पान बोलू लागते, कारण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने १९८४ मध्ये याच माशाला कायद्याचे संरक्षण दिले आणि असे संरक्षण मिळालेला तो जगातला पहिला शार्क मानला जातो. याउलट, घरच्या काचपेटीत पाळल्या जाणाऱ्या ज्या माशांच्या व्यापारी नावात शार्क हा शब्द असतो, ते बहुधा मार्जारमासे किंवा कार्प कुळातले असतात. त्यांची तिकिटे या संग्रहात घेऊ नयेत.

शास्त्रीय नावाचे स्पेलिंगही वाचावे. व्हेल शार्कचे वर्णन अँड्र्यू स्मिथ यांनी १८२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टेबल बे येथील नमुन्यावरून केले, आणि तेव्हापासून त्याच्या प्रजातीचे नाव रिनिओडॉन, रिनेओडॉन, रिंकोडॉन अशा निरनिराळ्या रूपांत छापले जात राहिले. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८४ मध्ये रिंकोडॉन हे रूप कायम केले. त्यामुळे जुन्या तिकिटावर वेगळे रूप दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. त्या काळी प्रचलित असलेले ते नाव आहे, आणि पानावर तशी नोंद करावी. मासे प्रत्यक्ष पाहून डोळा तयार करायचा असेल तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येते. मी तिथे तिकिटांची छायाचित्रे मोबाइलमध्ये घेऊन गेलो होतो, आणि त्या एका फेरीनंतर माझ्या आल्बममधल्या चार पानांची मांडणी बदलावी लागली.

सुरुवात कोणत्या तिकिटांनी करावी

पहिली खरेदी वर सांगितलेल्या भारत-फिलिपाइन्स जोडीची असावी, आणि ती दोन्ही देशांची घ्यावी. विषय एक आणि टपाल खाती दोन असल्यामुळे छपाई, कागद, कडेचे दाते आणि अक्षररचना यांची तुलना करण्याचा सराव तिच्यावर होतो. त्यानंतर अमेरिकेचा २६ जुलै २०१७ चा संच घ्यावा : वीस तिकिटांच्या पानात माको, थ्रेशर, ग्रेट व्हाइट, व्हेल शार्क आणि हॅमरहेड अशा पाच शार्कची चित्रे आहेत. शरीराइतक्याच लांबीची शेपटी, हातोड्यासारखे डोके, पाठीवरचे ठिपके अशा ठळक खुणा एकाच संचात येत असल्यामुळे ओळख पक्की करायला तो फार उपयोगी पडतो. या संचाचे प्रथम दिवसाचे, म्हणजे तिकीट निघाले त्या दिवसाचे, शिक्के केंटकी राज्यातल्या न्यूपोर्टचे आहेत, म्हणजे समुद्राचा काठ नसलेल्या राज्यातले. तिथल्या मत्स्यालयात त्याचे प्रकाशन झाले होते. समुद्रापासून लांब राहून या माशाचा ध्यास घेणारे आपण एकटे नाही, हे पाहून मला त्या पाकिटाचा विशेष लळा लागला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या २००६ सालच्या धोकादायक प्राण्यांच्या मालिकेत ग्रेट व्हाइट शार्क साप, मगर आणि विषारी कोळ्याच्या पंक्तीला बसलेला आहे. संवर्धनाच्या तिकिटांशेजारी हे तिकीट ठेवले की एकाच प्राण्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी दिसतात. सिस्काय या नावाची १९८३ ची शार्क मालिकाही स्वस्तात मिळते, पण ती घेताना तिचा इतिहास माहीत असावा : सिस्काय हा दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीने १९८१ मध्ये ‘स्वतंत्र’ म्हणून जाहीर केलेला प्रदेश होता, त्या स्वातंत्र्याला दक्षिण आफ्रिकेच्या गटाबाहेर कोणी मान्यता दिली नाही, आणि १९९४ मध्ये तो पुन्हा दक्षिण आफ्रिकेत विलीन झाला. ही तिकिटे टपालाला प्रत्यक्ष वापरली गेली, म्हणून त्यांचे स्थान संग्रहात आहे. मात्र हा संदर्भ वगळून ती लावू नयेत.

पांडाचे बोधचिन्ह असलेल्या जागतिक वन्यजीव निधीच्या मालिका १९८३ पासून निघत आल्या आणि त्यांत बहुधा एका प्राण्याची चार तिकिटे व चार प्रथम दिवस पाकिटे असत. त्या नीटनेटक्या आहेत, सहज मिळतात, आणि त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

पाकिटे : या संग्रहाचा खरा गाभा

पाकीट या शब्दाखाली संग्राहक बऱ्याच वेगळ्या वस्तू मोजतात. नवे तिकीट निघते त्या दिवशीचा शिक्का मारलेले ते प्रथम दिवस पाकीट, ज्याला आपण सगळे एफडीसी म्हणतो. एखाद्या प्रसंगासाठी टपाल खाते वेगळे चित्र आणि वेगळा शिक्का करून काढते ते विशेष पाकीट. त्यावरचे तिकीट कोणतेही असू शकते, विषय शिक्क्यात आणि पाकिटावरील चित्रात असतो. हे दोन्ही प्रकार संग्राहकांसाठीच तयार होतात आणि फार थोडी पाकिटे टपालातून जातात. ज्यावर कोणीतरी कोणालातरी खरोखर काही लिहून पाठवले आहे, दर योग्य भरला आहे, जाण्याचा आणि कधी कधी पोचण्याचाही शिक्का आहे, असे साधे पाकीट या दोहोंपेक्षा दुर्मीळ असते, कारण ते जपून ठेवावे असे त्या वेळी कोणाला वाटलेले नसते.

म्हणून माझा आग्रह असा, की २००९ चे व्हेल शार्कचे तिकीट कोरे मिळाले तर एक आल्बममध्ये लावावे आणि दुसरे साध्या लिफाफ्यावर चिकटवून खरे पत्र पाठवावे. आपल्या दशमान चलनातली जुनी तिकिटे टपालाला आजही चालतात. तिकिटाची किंमत पत्राच्या दरापेक्षा कमी पडत असेल तर बाकीचे तिकीट शेजारी लावावे. लिफाफा पेटीत न टाकता खिडकीवर द्यावा आणि हातशिक्का तिकिटाच्या एका कोपऱ्यावर, अक्षरे वाचता येतील असा मारण्याची विनंती करावी. माझा अनुभव असा आहे, की आपण काय जमवतो हे दोन वाक्यांत नीट सांगितले तर पोस्टातली माणसे आनंदाने शाई ताजी करून शिक्का मारतात.

शार्कचा माग काढताना तिकिटावरच्या चित्रापुरतेच पाहू नये. जुन्या कचेऱ्यांच्या टपालावर तिकिटाऐवजी यंत्राने मारलेला मीटरचा लाल शिक्का असतो आणि त्यात कंपनीचे बोधचिन्ह किंवा जाहिरात असते. मासेमारी, जाळी, तेल, कातडी या धंद्यांतल्या कंपन्यांच्या अशा शिक्क्यांत शार्क सापडतो. शिवाय एक धागा आपल्या देशाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे आणि इतर युरोपीय देशांतून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाले, तेव्हा अ जीवनसत्त्वासाठी भारतात शार्कच्या यकृताचे तेल काढण्याला मोठी चालना मिळाली; पुढे कृत्रिम जीवनसत्त्व स्वस्त झाले आणि तो धंदा ओसरला. या तेलाच्या विक्रीसाठी औषधविक्रेते आणि डॉक्टर यांच्यात पत्रे, छापील कार्डे, बिले यांची देवघेव होत असे. त्यामुळे जुन्या दवाखान्याची किंवा औषधांच्या दुकानाची रद्दी निघते तेव्हा, तिकिटांचे व्यापारी ज्या कागदाकडे पाहतही नाहीत तो कागद आपण पाहावा. लक्ष्मीपुरीकडच्या रद्दीच्या एका दुकानात १९४० च्या दशकातले एक जाहिरातीचे पोस्टकार्ड माझ्या हाती लागले. त्यावर शार्कचे चित्र नाही, पण शार्कच्या तेलाचा भाव आहे आणि सहाव्या जॉर्ज राजाचे छापील तिकीट आहे. माझ्या संग्रहातले हे एक पान पाहणारे सर्वांत जास्त वेळ वाचतात.

नौदलाचे आणि लष्कराचे टपाल हा आणखी एक मार्ग. भारताची पहिली पाणबुडी आयएनएस कलवरी ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात दाखल झाली, आणि तो दिवस आजही पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. कलवरी हे टायगर शार्कचे मल्याळम नाव आहे. याच नावाची नवी पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत दाखल झाली. लष्करी टपाल सेवा निरनिराळ्या प्रसंगांची पाकिटे काढत असते आणि जुन्या पाकिटांच्या व्यापाऱ्यांकडे त्यांचे गठ्ठे असतात. त्यांत पाणबुडी दलाचे काही आहे का, हे नेहमी चाळून पाहावे. अमेरिकी पाणबुड्यांना माशांची नावे देण्याची दीर्घ परंपरा असल्यामुळे तिकडच्या नौदलाचे शिक्के असलेल्या पाकिटांवर शार्क हे नाव जहाजाचे नाव म्हणून येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि चीनच्या आकाशात लढलेल्या फ्लाइंग टायगर्स तुकडीच्या विमानांच्या नाकाडावर शार्कचा उघडा जबडा रंगवलेला असे. युद्धस्मृतीच्या तिकिटांवर ते विमान दिसले तर तेही या विषयात बसते. असे तिकीट शार्कच्या पानांत पाहिले की बघणारा थबकतो, आणि ते इथे का आहे हे दोन ओळींत लिहिले की त्याचे समाधान होते.

मॅक्सिमम कार्डाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ते आपण स्वतः करू शकतो आणि बहुतेक जण ते चुकीचे करतात. चित्रपोस्टकार्डाच्या चित्राच्या बाजूला त्याच विषयाचे तिकीट लावून त्यावर शिक्का घेतला की मॅक्सिमम कार्ड होते. मात्र चित्र, तिकीट आणि शिक्का या तिघांचा विषय, स्थळ आणि काळ यांबाबत शक्य तितका मेळ बसला पाहिजे. व्हेल शार्कचे कार्ड करून त्यावर कोल्हापूरचा शिक्का घेतला तर मेळ कशाचाच बसत नाही. गुजरातमधल्या वेरावळचा शिक्का मात्र शोभतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर या माशाची यकृताच्या तेलासाठी शिकार होत असे. ते तेल होड्यांना पाणी लागू नये म्हणून लावत. शिकारीत माशाला पिंपे बांधत, म्हणून तिथे त्याला बॅरल म्हणत. मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश झाला, आणि २००४ पासून चाललेल्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंच्या शब्दाने त्या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी लेक, हे नाव मिळाले. माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारत नाही, ही कल्पना मच्छीमारांनी मनापासून स्वीकारली आणि जाळ्यात सापडलेली व्हाली जाळे कापून सोडून देण्याची रीत पडली. हा सारा इतिहास एका गोल शिक्क्यातून सांगता येतो, आणि म्हणूनच शिक्का कुठला हे महत्त्वाचे.

काय घेऊ नये

शार्क, वाघ, घुबड, आगगाडी अशा लोकप्रिय विषयांवर बेकायदा तिकिटे फार निघतात. कोणत्याही टपाल खात्याने न काढलेली, एखाद्या खासगी छापखान्यात तयार झालेली आणि आफ्रिकेतील गरीब देशांची किंवा रशियाच्या आसपासच्या प्रदेशांची नावे घातलेली ही तिकिटे म्हणजे नुसते रंगीत कागदाचे तुकडे असतात. सुरुवातीच्या काळात मी चार शार्कची अशीच एक देखणी शीटलेट चांगली किंमत देऊन घेतली. ती पुढे कोणत्याही कॅटलॉगात, म्हणजे जगभरच्या तिकिटांच्या क्रमांकवार छापील यादीत, सापडली नाही, आणि ज्या देशाचे नाव तिच्यावर आहे त्या देशात तिने कधी पत्र पोचवले नाही. त्या दिवसापासून मी खरेदीपूर्वी स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट, मिशेल किंवा इव्हेर यांपैकी एखाद्या कॅटलॉगाचा क्रमांक विचारतो. विक्रेता क्रमांक सांगू शकत नसेल तर वस्तू कितीही सुंदर असली तरी ती परत ठेवतो. जागतिक टपाल संघाच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेली तिकिटांची जागतिक क्रमांक पद्धतही इंटरनेटवर पाहता येते. सगळेच देश तिच्यात सहभागी नसल्यामुळे तिथे नसलेले प्रत्येक तिकीट खोटे ठरत नाही, परंतु तिथे असलेले तिकीट निश्चिंतपणे घ्यावे.

‘वापरलेले’ म्हणून मिळणाऱ्या संचांची मागची बाजू आधी पाहावी. चारही तिकिटांवर कोपऱ्यात सारखाच पाव वर्तुळाचा स्वच्छ शिक्का असेल आणि मागे गोंद जसाच्या तसा असेल, तर तो संच छापखान्यातच शिक्के मारून विकलेला आहे. अशी तिकिटे कायदेशीर असतात आणि मुलांच्या पहिल्या आल्बमला ठीक आहेत. मात्र दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे हा कागद टपालातून का गेला याला, त्यांच्यापाशी उत्तर नसते. पुढे मोठी किंमत येईल म्हणून शार्कची आधुनिक तिकिटे कोणी सुचवत असेल तर त्याचे ऐकू नये.

भिजवणे, सुकवणे आणि पावसाळा

पाकिटावरून तिकीट काढण्याची घाई करू नये. पाकीट चांगले असेल तर तिकीट कधीच काढू नये. फक्त कापलेले तुकडे मिळाले असतील तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, तिकीट आपोआप सुटू द्यावे, मग टिपकागदावर पालथे घालून वर वजन ठेवावे. गडद रंगाच्या लिफाफ्याचे तुकडे वेगळ्या भांड्यात भिजवावेत, नाहीतर तो रंग सगळ्या तिकिटांना लागतो. अमेरिकेच्या २०१७ च्या शार्क तिकिटांसारखी स्वयंचिकट तिकिटे पाण्यात सहसा सुटत नाहीत. ती चारही बाजूंनी थोडा कागद ठेवून कापावीत आणि तशीच जपावीत. तिकीट बोटांनी उचलू नये, चिमटा वापरावा.

साठवण्याचा प्रश्न कोल्हापुरात फार गंभीर आहे. मिरग निघाल्यापासून दसऱ्यापर्यंत आपल्या हवेतला दमटपणा कोऱ्या तिकिटांचा गोंद ओला करतो, तिकिटे पानाला चिकटतात, आणि कागदावर गंजासारखे तांबूस डाग पडतात जे नंतर कशानेही जात नाहीत. म्हणून मिरगाच्या आधी सगळे स्टॉकबुक (तिकिटे खोचून ठेवण्याच्या वह्या) एकदा उघडून, सावलीत वारा देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. निळे दाणे गुलाबी झाले की ते कोरड्या कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या घालू नयेत. स्टॉकबुक कपाटात आडवे रचू नयेत, पुस्तकांसारखे उभे ठेवावेत, आणि ते कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकचे खिसे टाळून पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत. पाकिटांना रबरबँड, टाचणी आणि चिकटपट्टी कधीही लावू नये.

पुराचे पाणी येऊ शकेल अशा भागात राहणाऱ्यांनी एक नियम ठरवून टाकावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की धोक्याची वाट न पाहता डबे वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे हलवावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी एक दिवस थांबलो, आणि फिलिपाइन्सच्या पाकिटांचा अख्खा एक डबा गेला. त्यातली बरीचशी पाकिटे अजून परत मिळालेली नाहीत.

मिळवण्याच्या जागा आणि पाने लिहिणे

भारतीय तिकिटांसाठी टपाल खात्याचे फिलाटेलिक डिपॉझिट खाते उघडणे सर्वांत सोयीचे. किमान २०० रुपये भरून ते सुरू करता येते आणि नवी तिकिटे, पाकिटे घरपोच येतात. त्याची चौकशी आपल्या प्रधान डाकघरात करावी. तिकिटे जमवणाऱ्या सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल खात्याने २०१७ मध्ये सुरू केलेली दीनदयाळ स्पर्श ही शिष्यवृत्ती योजना आहे. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये मिळतात, आणि शार्कसारखा नेमका विषय हाताळणाऱ्या मुलाचा प्रकल्प उठून दिसतो. परदेशी तिकिटांसाठी पुण्या-मुंबईचे व्यापारी, राज्य पातळीवरचे महापेक्स प्रदर्शन आणि परदेशातील संग्राहकांशी अदलाबदल हे मार्ग आहेत. अदलाबदलीत मी नेहमी एक छापील यादी आणि एक हाताने लिहिलेले पत्र पाठवतो. येणारे उत्तर शार्कचे तिकीट लावूनच येते, आणि ते पाकीट आपोआप संग्रहात जाते.

पाने लिहिताना देशांचा क्रम न ठेवता कथेचा क्रम ठेवावा : शरीर आणि जाती, मग माणसाने केलेली शिकार, तेल आणि कातडे, मग युद्ध आणि नौदल, मग संरक्षण. संरक्षणाच्या पानांवर व्हेल शार्कच्या जोडीला पलाऊला जागा द्यावी, कारण त्या छोट्या बेटदेशाने २००९ मध्ये आपला सारा सागरी प्रदेश शार्कसाठी अभयारण्य म्हणून जाहीर केला. प्रदर्शनात भाग घ्यायचा असेल तर पाने लावण्याच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) सोळा पाने बसतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विषयाधारित संग्रहाचे शंभर गुण असे वाटलेले आहेत : शीर्षक, आराखडा, विकास आणि नावीन्य यांना ३५, विषयाचे व टपालशास्त्राचे ज्ञान यांना ३०, वस्तूंची स्थिती आणि दुर्मीळता यांना ३०, आणि मांडणीच्या देखणेपणाला केवळ ५. त्यामुळे रंगीत किनारी आणि मोठी सुलेखनातली शीर्षके यांवर वेळ घालवू नये. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी पुरतात : एक माशाविषयी, एक टपालाविषयी. उदाहरणार्थ, ‘व्हेल शार्क, रिंकोडॉन टायपस, पाणी गाळून खाणारा सर्वांत मोठा मासा’ आणि त्याखाली ‘भारत, २००९, साध्या पत्रावर वापर, पत्राचा दर अमुक, शिक्का अमुक गावाचा’.

वेरावळचा शिक्का घरबसल्या मागवायचा असेल, तर तिकीट लावलेले कार्ड किंवा लिफाफा, तारखेचा हातशिक्का तिकिटाच्या कडेवर स्पष्ट मारण्याची विनंती करणारे आदरपूर्वक पत्र, आणि परतीसाठी आपला पत्ता लिहिलेला, पुरेशी तिकिटे लावलेला जाड लिफाफा, असे सारे पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे पाठवावे. पत्र हिंदीत लिहावे आणि व्हालीचा उल्लेख जरूर करावा. माझे पहिले कार्ड तीन आठवड्यांनी परत आले, शिक्का थोडा तिरका होता आणि गावाचे नाव पूर्ण वाचता येत होते.